निकुंभ वकिलांचे अकरा दिवस

निकुंभ सरांच्या हाताखाली मी नऊ वर्षं वकिली शिकले, आणि नंतर एका खटल्यात त्यांनाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं करून प्रश्न विचारले. सुरतेच्या कोर्टात त्या दिवशी हजर असलेले लोक अजून त्याबद्दल बोलतात. काही जण म्हणतात, म्हातारा खरा निघाला. काही जण वेगळं म्हणतात. मी दोन्ही ऐकून घेते, कारण दोन्ही बाजूंना जेवढं माहीत आहे त्यापेक्षा थोडं जास्त मला माहीत आहे.

सुकलाल दगा निकुंभ. जन्म शिंदखेड्याकडच्या एका खेड्यातला. सहा वर्षांचे असताना आईबापांबरोबर तापी लाईनच्या गाडीने सुरतजवळ उधन्याला उतरले आणि तिथलेच झाले. वडील दगाबाबा उधन्याच्या एका लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, कारीगर होते. चाळिशीतच त्यांचे कान गेले. घरात सगळे ओरडून बोलायचे, आणि सरांचा आवाज अजून तसाच आहे. कोर्टात त्यांना माईक कधी लागला नाही. महापालिकेच्या मराठी शाळेत दहावी, मग दोन वर्षं स्वतः लूमवर, मग कॉलेज, मग वकिली. गुजराती इतकं साफ बोलायचे की नवीन न्यायाधीशाला ते खानदेशातले आहेत हे आडनाव वाचूनच कळायचं. घरी अहिराणी. चिडले की ऑफिसातही अहिराणी.

कामगारांच्या केसेस घेऊन घेऊन ते सुरतच्या गोडादरा भागात सगळ्यांना माहीत झाले. पक्षाने एकदा तिकीट दिलं, ते निवडून आले आणि पाच वर्षं नगरसेवक होते. पाण्याची लाईन, एक मराठी वाचनालय, लहान मुलांचा दवाखाना, एवढं त्यांच्या काळात झालं. पुढच्या वेळी वॉर्डाच्या हद्दी बदलल्या आणि ते थोडक्यात पडले. ऑफिस साडी-फॉलच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर. तिथल्या पाटीवर ‘माजी’ हा शब्द त्यांनी इतका बारीक लिहून घेतला होता की रस्त्यावरून फक्त ‘नगरसेवक’ वाचता यायचं. त्यांना परत निवडून यायचं होतं. ते लपवत नसत.

आणि ते लिहायचे. लूमवरच्या माणसांवर त्यांची दोन पुस्तकं होती, धुळ्याला छापलेली. मृत्यू, लग्न, भांडणं, एकाच खोलीत पाळीपाळीने झोपणारे कारीगर. माणसं ऑफिसात येऊन सांगायची, “आप्पा, मनावर बी लिखा,” माझ्यावरही लिहा. सर हसायचे आणि वहीत काहीतरी टिपून ठेवायचे. अशिलाचं बोलणं ऐकताना ते कधी वकील म्हणून ऐकत आहेत आणि कधी लेखक म्हणून, हे मला त्यांच्या पेनावरून कळायचं. केससाठी निळं, स्वतःसाठी काळं.

किसन बोरसे आला तो जानेवारीतला सोमवार होता, अकरा तारीख. अठ्ठावन्न वर्षांचा, हृदयाचं ऑपरेशन झालेला, जिन्याच्या दर पायरीवर थांबत वर आला. हातात कापडी पिशवी. त्याच्याकडे बॉयलर चालवण्याचं सरकारी सर्टिफिकेट होतं. डाईंग मिलमध्ये कापड रंगवायला आणि धुवायला वाफ लागते, ती बॉयलरमधून येते. कायदा असा की सर्टिफिकेटवाला माणूस बॉयलरपाशी हजर पाहिजे आणि त्याने दर तासाला वाफेचा दाब आणि पाण्याची पातळी नोंदवहीत लिहून सही केली पाहिजे. ऑपरेशननंतर किसनला उष्णतेपाशी उभं राहवत नव्हतं. मग सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या तीन मिलांनी त्याला दरमहा काही ना काही देऊन त्याचं नाव वापरायला घेतलं. तो महिन्यातून एकदा जाऊन सह्या करायचा.

“मना नाव वर तीन बायलर चालतस आप्पा,” तो म्हणाला. “मी एकना जोडे बी ऊभा ऱ्हास नही.”

माझ्या नावावर तीन बॉयलर चालतात आणि मी एकाच्याही जवळ नसतो. हे सांगताना त्याने पिशवीतून एक नोंदवही काढली. घरी नेऊन सही करतो असं सांगून त्याने ती एका मिलमधून आणली होती आणि संध्याकाळपर्यंत परत करायची होती.

सरांनी पानं उलटली आणि मला जवळ बोलावलं. जानेवारीचा सगळा महिना भरलेला होता. आज अकरा तारीख, आणि वहीत एकतीस तारखेपर्यंतचा प्रत्येक तास लिहून तयार. मी बोट ठेवून वाचत गेले. बावीस तारीख, तेवीस तारीख. सकाळी दहा, अकरा, बारा. दाब बरोबर, पाणी बरोबर. खाली किसनची सही.

किसन म्हणाला, सगळ्या मिलांत असंच चालतं, पण ह्या मिलमध्ये त्याने शनिवारी जे पाहिलं त्यामुळे त्याची झोप गेली. बॉयलरवर एक सुरक्षा झडप असते, दाब वाढला की ती आपोआप उघडते आणि वाफ बाहेर जाते. ती वारंवार फुसफुसायची, वाफ वाया जायची. म्हणून कोणीतरी तिच्या दांड्याला तारेने लोखंडाचं वजन टांगलं होतं. पाणी दिसण्याची काच काळी पडली होती. तिथे खरं काम काशीराम नावाचा माणूस करायचा. आधी कोळसा टाकायचा, मग तोच बॉयलरवाला झाला. किसनने त्याला विचारलं, काच दिसत नाही तर पाणी किती आहे हे तुला कळतं कसं? काशीराम म्हणाला, काका, मी आवाजावरून चालवतो.

मी खाली झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बावीस आणि तेवीस तारखेच्या त्या दोन पानांची झेरॉक्स काढली. सरांनी तिथल्या तिथे बॉयलर तपासणी कार्यालयासाठी तक्रार लिहायला घेतली. किसनला सांगितलं, आता त्या मिलमध्ये पाऊल टाकू नकोस. तो गेल्यावर मी तक्रार टाईप केली. सरांनी वाचली, एक स्वल्पविराम बदलला, सही केली आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला.

मी विचारलं, आज पाठवायचा ना?

“नगरसेवकाने पाठवलेलं पत्र आणि माजी नगरसेवकाने पाठवलेलं पत्र, यात फरक असतो रूपाली,” ते म्हणाले. “दहा दिवसांत यादी लागतेय.”

मला समजलं. महापालिकेची निवडणूक आली होती आणि वॉर्डातली नावं ठरवणाऱ्या पक्षाच्या समितीत त्याच मिलचे शेठ बसले होते. सर खोटं बोलत नव्हते. निवडून आलेल्या माणसाच्या पत्राला वजन असतं हे खरंच आहे. पण ड्रॉवर लावताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

त्या आठवड्यात गोडादऱ्यात पतंगांची गडबड होती. संक्रांतीचं उत्तरायण झालं, दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायण झालं, गच्च्यांवरचे स्पीकर बंद झाले. किसनचा दोनदा फोन आला. मी त्याला सांगितलं, सर बघताहेत. तिसऱ्यांदा फोन केला तेव्हा त्याने पत्राचं विचारलं नाही, फक्त म्हणाला, काशीरामचा मोबाईल लागत नाही, बॉयलरपाशी तो मोबाईल ठेवत नाही, गरम होतो म्हणून. मी म्हटलं, बरं.

वीस तारखेला, बुधवारी, सरांनी मला आठ पानं टाईप करायला दिली. काळ्या शाईतली. तिसऱ्या पुस्तकासाठी त्यांनी नवीन गोष्ट लिहिली होती. तिच्यात एक बॉयलरवाला होता. नाव नव्हतं, गोष्टभर त्याला नुसतं बॉयलरवालाच म्हटलं होतं. तो काळ्या काचेपुढे उभा राहून कान लावून पाणी ऐकतो. त्याच्या बायकोला तो घरी आल्यावर मोठ्याने बोलावं लागतं. झडपेवरचं वजन रोज थोडं वाढतं. शेवटच्या पानावर सकाळच्या पाळीत एक वेगळाच आवाज येतो, त्याला तो ओळखू येतो, तो मागे वळतो, आणि गोष्ट तिथे पत्रे उडून संपते. मग अर्ध्या पानात बायको रडते.

चांगली गोष्ट होती. माझ्या मते त्यांची सगळ्यात चांगली. शेवटच्या पानावर मी टाईप करायची थांबले. मी उठून आतल्या खोलीत गेले.

“सर, ते पत्र आज पाठवू या.”

“उद्या यादी आहे.”

“ह्यात सगळं लिहिलंय तुम्ही.”

“गोष्ट आहे ती,” सर म्हणाले.

ऑफिसची एक किल्ली माझ्याकडेही असायची. ड्रॉवरला कुलूप नव्हतं. ही गोष्ट मी कोर्टात कोणाला सांगितली नाही, कारण मला कोणी विचारली नाही.

गुरुवारी संध्याकाळी यादी लागली. सरांचं नाव तिच्यात नव्हतं. शुक्रवारी सकाळी मी आले तेव्हा सर ऑफिसात नव्हते आणि ड्रॉवर उघडा होता. दुपारी परतले तेव्हा ते स्वतः जाऊन तक्रार देऊन आले होते, झेरॉक्स जोडून, आणि पोचेच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का होता, बावीस जानेवारी. तिथल्या साहेबांनी उभ्याउभ्याच कागद वाचला होता. आधी कळवलं तर ते तार काढून ठेवतील, म्हणून न सांगता उद्या दुपारी तीन वाजता मी स्वतः जातो, असं त्यांनी सरांना सांगितलं.

म्हणजे अकरा दिवस पडून राहिलेल्या कागदावर त्या साहेबांनी एका दिवसात हालचाल केली होती. सर खुर्चीत बसून तो शिक्का बघत होते. मी चहा मागवला, तो त्यांनी प्यायला नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बॉयलर फुटला.

आम्ही कोर्टात होतो. किसनचा फोन मला आला. तो काही बोलू शकत नव्हता, त्याच्या बायकोने फोन घेऊन सांगितलं. आम्ही सरांच्या गाडीने सचिनला गेलो. मिलचा पत्रा शेजारच्या प्लॉटवर पडला होता आणि सगळीकडे ओलं, कोमट झालं होतं, पावसाशिवाय ओलं. रंगाचं पाणी रस्त्यावरून वाहत होतं, गुलाबी. माणसं कडेला रांगेने उभी होती आणि कोणी बोलत नव्हतं. तिघे भाजले होते. काशीराम जागीच गेला. सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याची बायको अंजनाबाई एका पोलीस बाईजवळ उभी होती, पदर खोचलेला, हातात त्याचा डबा. त्या दिवशी तो डबा विसरून गेला होता आणि ती द्यायला आली होती.

सर गाडीतून उतरले आणि दाराला धरून उभे राहिले. पुढे गेले नाहीत.

संध्याकाळी पोलिसांनी किसनला उधन्याच्या त्याच्या घरातून नेलं. कागदावर त्या वेळी बॉयलरपाशी तोच होता. मिलने नोंदवही हजर केली, नवी कोरी, सकाळी दहापर्यंत भरलेली आणि तिथेच थांबलेली. सही किसनसारखी. मिलच्या मॅनेजरचं म्हणणं असं की किसन कामावर होता, बॉयलर काशीरामच्या भरवशावर सोडून तो चहाला गेला. एकतीस तारखेपर्यंत भरलेली जुनी वही मिलने गायब केली होती, आणि तिथल्या कोणी ती पाहिलीच नव्हती म्हणे. ती वही मेली होती. जिवंत होती फक्त आमची झेरॉक्स.

किसन पहिला आरोपी, मॅनेजर दुसरा. सरांनी किसनचं वकीलपत्र घेतलं. मग दोष कोणाचा हे ठरवण्यासाठी नुसती झेरॉक्स पुरणार नाही, ती कुठून आली हे शपथेवर सांगणारा कोणीतरी लागेल, हे त्यांच्या लक्षात आलं. वकील आपल्याच केसमध्ये साक्षीदार होऊ शकत नाही. मी सुचवलं, झेरॉक्स मी काढली, मी साक्ष देते, आणि जानेवारीत काढली एवढंच सांगते. शिक्का बावीसचा आहे, वहीत तेवीसच्या बारा वाजताची नोंद आहे. बॉयलर फुटल्यानंतरचा दाब बरोबर, पाणी बरोबर. कोर्टाला तेवढं पुरे होतं. अकरा तारखेचं नाव कोणी काढणार नव्हतं.

सरांनी झेरॉक्स फायलीत परत ठेवली.

“तू खोटं बोलणार नाहीस,” ते म्हणाले. “पण अर्धंच बोलशील, आणि मला समोर बसून ते ऐकायला लागेल.”

त्यांनी वकीलपत्र सोडलं. केस माझ्याकडे आली. आपण सरांना सांगितलेलं त्यांनी कोर्टात बोलायला हरकत नाही असं किसनने लिहून दिलं, आणि साक्षीदारांच्या यादीत मी सरांचं नाव घातलं.

त्यानंतर माणसं येऊ लागली. पहिली खेप पक्षातून. पुढच्या वेळी तिकीट नक्की, असा निरोप. दुसऱ्या खेपेला दोघे जण, इस्त्रीचे शर्ट, अगदी सौजन्याने बोलणारे. चहा घेतला, सरांची पुस्तकं कपाटातून काढून पाहिली, एकाने एक विकतही घेतलं. जाताना म्हणाले, तुमची सून ज्योतीबेन शाळेत शिकवतात ना, सात वाजून दहा मिनिटांनी रिक्षा पकडतात, त्या कोपऱ्यावर ट्रॅफिक फार असतं, सांभाळायला सांगा. एवढंच. दुसऱ्या दिवसापासून ज्योतीला तिचा नवरा सोडायला जाऊ लागला. दोनदा त्यांना त्या कोपऱ्यावर तोच शर्ट दिसला. तिसऱ्यांदा कोणीच दिसलं नाही, आणि ज्योती मला म्हणाली की तेव्हा तिला जास्त भीती वाटली.

सरांच्या पत्नी कुसुमताई ऑफिसात सहसा येत नसत. एका दुपारी त्या आल्या, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसल्या आणि आतल्या दाराकडे बघत सरांना विचारलं, “तुम्ही काय दडाई ऱ्हायनात?”

काय लपवताय. सरांनी त्यांना बाहेर येऊन सगळं सांगितलं. तारखांसकट. मी उठून जायला लागले तर म्हणाले, बस. कुसुमताईंनी ऐकलं आणि काशीरामला मुलं किती एवढंच विचारलं. दोन मुली, मी म्हटलं. त्या उठल्या आणि जिना उतरून गेल्या. पुढे कित्येक दिवस त्या सरांना जेवायला वाढायच्या, पण समोर बसायच्या नाहीत. हे सरांनीच मला सांगितलं.

खटला उभा राहायला तीन वर्षं लागली. सर साक्षीला आले तेव्हा काळा कोट नव्हता, पांढरा सदरा होता. त्यांना पिंजऱ्यात चढताना पाहून शिपाई सवयीने वकिलांच्या बाकाकडे हात करायला गेला आणि थांबला. अंजनाबाई मागच्या बाकावर बसल्या होत्या. त्या प्रत्येक तारखेला यायच्या.

मी विचारलं, झेरॉक्स कुठली. त्यांनी सांगितलं. कोणी आणली. किसन बोरसे यांनी. ती कधी तुमच्याकडे आली, हा प्रश्न मी मुद्दाम विचारला नव्हता. त्यांनी स्वतःहून सांगितलं. अकरा जानेवारी, सकाळी साडेअकरा. न्यायाधीशांनी वर पाहिलं आणि शिक्क्याची तारीख पुन्हा वाचली.

मग मॅनेजरचा वकील उठला. तो अभ्यास करून आला होता. एकवीस तारखेला पक्षाची यादी लागली हे खरं का? खरं. तुमचं नाव नव्हतं? नव्हतं. आणि बावीसला तुम्ही तक्रार दिलीत. म्हणजे तिकीट कापलं गेलं म्हणून रागाने हा कागद तयार केलात, असं मी म्हणतो.

“कागद अकरा तारखेला तयार होता,” सर म्हणाले. “राग बावीसला आला असेल.”

“तिकीट मिळालं असतं तर तक्रार दिली असतीत का?”

मी हरकत घ्यायला उठले. सरांनी हाताने मला बसायला सांगितलं, ऑफिसात सांगायचे तसंच.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “तीन वर्षं मी हेच विचारतोय. माहीत नाही.”

वकिलाला वाटलं आता साक्षीदार मोडला. त्याने आणखी एक प्रश्न विचारला, जो त्याने विचारायला नको होता. एवढा मोठा धोका आहे असं खरंच वाटलं असतं, तर जबाबदार माणूस अकरा दिवस गप्प बसला असता का? तुम्हाला धोका वाटलाच नव्हता, कारण तसं काही नव्हतंच.

“वाटला होता,” सर म्हणाले. “मी तो लिहून काढला होता. बॉयलर फुटतो, सकाळच्या पाळीत, माणूस मरतो, असं सगळं. वीस तारखेला लिहून झालं होतं.”

“कुठे लिहिलंत? कुठला अर्ज?”

“अर्ज नाही. गोष्ट.”

न्यायाधीशांनी ती गोष्ट कोर्टात हजर करायला सांगितली. माझ्या कॉम्प्युटरमध्ये तारीख होती. त्या आठ पानांमुळे हे पक्कं झालं की झडपेवरचं वजन आणि काळी काच यांची माहिती स्फोटाच्या तीन दिवस आधी कोणालातरी होती, आणि ती देणारा किसनच होता. किसनवरचा मनुष्यवधाचा आरोप तिथेच ढिला पडला. गोष्टीने तेवढं काम केलं. ती लिहिताना सरांच्या मनात हे नव्हतं, हे मी पैजेवर सांगेन.

बाहेर आलो तेव्हा अंजनाबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. सर थांबले. त्या त्यांच्याकडे न बघता जिना उतरून गेल्या.

महिन्याभराने त्या ऑफिसात आल्या, एकट्याच. मला वाटलं, मी त्यांच्यासाठी लावलेल्या नुकसानभरपाईच्या दाव्याचं विचारायला आल्या असतील. त्या आमच्याच समाजातल्या, त्यांच्या मुलींना मी ओळखत होते. पण त्या सरळ आत गेल्या आणि सरांना म्हणाल्या, ती गोष्ट मला वाचून दाखवा.

सरांनी प्रत काढली. पहिल्या पानावर त्यांचा आवाज नेहमीसारखा मोठा होता, मग उतरत गेला. अंजनाबाई खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होत्या. मी दारात होते. बायकोला मोठ्याने बोलावं लागतं हे आलं तेव्हा त्यांनी मान हलवली. शेवट आला. पत्रे उडाले. बायको रडली. सर थांबले.

“मी नव्हते रडले,” अंजनाबाई म्हणाल्या. “वळखायला नेलं तवा मी नुसती चप्पल बघितली. डबा द्यायला कोणी नव्हतं, म्हणून परत घेऊन गेले. पोरींनी खाल्ला.”

सरांनी पानं टेबलावर ठेवली.

“त्याचं नाव बी नाही ह्यात.”

“घालतो,” सर म्हणाले. “दुरुस्त करतो. नाव घालून...”

“नका घालू. छापू बी नका. हे तुमचं नाही.”

त्यांनी हात पुढे केला. सरांनी पानं दिली. वहीतली काळ्या शाईची पानंही फाडून दिली. अंजनाबाईंनी ती घडी घालून पिशवीत ठेवली, भाजी ठेवावी तशी, आणि दाव्याच्या पुढच्या तारखेचं मला विचारून गेल्या. माझ्या कॉम्प्युटरमधली प्रत सरांनी माझ्याकडून पुसून घेतली. कोर्टाच्या फायलीत एक आहे, ती फाईल आता कोणी उघडत नाही.

निकाल लागला. मनुष्यवधातून किसन सुटला. सही भाड्याने दिल्याबद्दल त्याला जी शिक्षा झाली, तेवढे दिवस त्याने आधीच तुरुंगात काढले होते. मॅनेजर दोषी ठरला, पण अपील केलं, जामीन मिळाला आणि तो दुसऱ्या एका मिलमध्ये कामाला लागला. शेठांचं नाव आरोपपत्रात कधी आलंच नव्हतं. किसन सुटून आल्यावर सात महिन्यांनी गेला, घरी, दुपारी पेपर वाचता वाचता.

सरांना गोडादऱ्यातले बरेच लोक आता टाळतात. ज्यांच्या केसेस त्यांनी फुकट लढवल्या, त्यातलेही काही. वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमाला त्यांना बोलावत नाहीत. एकदा बाजारात एका माणसाने त्यांना मोठ्याने विचारलं, आप्पा, आता कोणावर गोष्ट लिहिताय, सांगून ठेवा, तो कामावर जाणार नाही. लोक हसले. सरांनी टोमॅटो घेतले आणि घरी गेले. तिसरं पुस्तक झालं नाही. काळं पेन मी गेल्या दोन वर्षांत टेबलावर पाहिलेलं नाही.

आता ते माहितीच्या अधिकारात अर्ज करतात. कुठल्या मिलमध्ये कोणाच्या नावावर बॉयलर आहे, त्या सर्टिफिकेटवाल्याचं वय किती, तो राहतो कुठे. मग त्या माणसाच्या घरी जातात. दाराशी उभे राहून नम्रपणे विचारतात, भाऊ, तुमच्या नावावर किती चालतात? काही जण दार लावतात. काही जण पाणी विचारतात आणि मग सांगतात. किसनच्या नावावरच्या बाकीच्या दोन बॉयलरांपैकी एक आता लिंबायत भागातल्या एका माणसाच्या नावावर चालतो. त्या माणसाला अर्धांगवायू आहे. तक्रार त्याच दिवशी दिली. सरांकडे कागद आता एक रात्रही राहत नाही.

त्या तक्रारीनंतर फोन सुरू झाले. पलीकडून कोणी बोलत नाही, नुसता मशीनचा आवाज ऐकवतात, आणि मग ठेवतात. कुसुमताईंनी घरचा फोन काढून टाकला. ज्योतीने शाळा बदलली. गेल्या आठवड्यात सरांनी मला कपाट उघडून कुठली फाईल कुठे आहे ते दाखवलं, वरच्या खणापासून खालच्यापर्यंत, नव्या ज्युनिअरला दाखवावं तसं. मी म्हटलं, मला माहीत आहे सर. ते म्हणाले, तरी बघून घे.

आज सकाळी एक बाई येऊन गेल्या. त्यांचा भाऊ पांडेसरा वसाहतीच्या पुढे एका मिलमध्ये बॉयलरवर आहे, आणि रविवारपासून तिथली झडप वाजत नाही, म्हणून त्या घाबरल्या आहेत. सरांनी निळ्या पेनाने लिहून घेतलं, मी टाईप केलं, आणि आम्ही साडेबाराला निघालो. जेवायला थांबलो नाही. उधना दरवाज्यापासून एक मोटारसायकल मागे होती, मागे बसलेल्याचं तोंड रुमालाने झाकलेलं. सुरतेत उन्हाने सगळेच झाकतात. आम्ही वळलो, तीही वळली. सरांनी आरशात पाहिलं आणि मला तिचा नंबर लिहून घ्यायला सांगितलं. मग गाडीचा वेग जरा वाढवला, कारण तपासणी कार्यालयात दीड वाजता जेवणाची सुट्टी होते.